पेनीची मागची बाजू

खुबूस कापायचा तो मेस्त्रींनीच, असा आमच्या केबिनचा नियम होता, आणि तो नियमही मेस्त्रींनीच केलेला. सकाळी साइटवर डबे उघडले की ते सुरी पँटला पुसायचे, तो गोल खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, वर्तमानपत्रावर ठेवायचे आणि आधी नखाने त्यावर एक क्रॉस काढायचे. मग त्या रेघांवरून बरोब्बर चार तुकडे. "हाफ पेनी की फार्दिंग?" असं विचारून ते वाटप करायचे. नवीन माणूस बावचळून बघत राहायचा. दोन महिन्यांनी तोच माणूस आपणहून हात पुढे करायचा, "मेस्त्री, आज भूक लय हाय, हाफ पेनी द्या."

भानगड अशी की हजारएक वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजांच्या राज्यात चांदीची पेनी हे जवळजवळ एकच नाणं चालायचं. सुट्टे हवे असले की लोक नाणंच कापायचे. मागच्या बाजूला क्रॉस असायचा, त्याच्या रेघेवर कापलं की अर्धी पेनी, अजून एकदा कापलं की पाव, म्हणजे फार्दिंग. हे मला मेस्त्रींनी इतक्या वेळा सांगितलं होतं की माझ्या आजोबांचं नाव मी विसरलो असतो, पण हे नाही.

मी नाशिकचा, डिप्लोमा झालेला ड्राफ्ट्समन. सत्तरचं दशक संपत आलं होतं. दोह्याच्या दक्षिणेला वाळवंटात एका प्लँटची पाइपलाइन पडत होती, तिचे नकाशे काढायला मी आलो. मेस्त्री त्या लाइनचे वेल्डिंग फोरमन. राजापूरकडचे, पन्नाशीचे, अंगाने काटकुळे, मनगटापर्यंत शर्टाच्या बाह्या खाली. त्यांना आडनावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. इंग्रज सुपरिंटेंडेंटसुद्धा त्यांना 'मिस्त्री' म्हणायचा. आमच्या दोघांची टेबलं एकाच केबिनमध्ये, एकाच एसीखाली, आणि तो एसी आठवड्यातून चार दिवस बंद असायचा. एवढ्या सहवासात एक तर माणूस मित्र होतो किंवा खून करतो. मी बऱ्याचदा दुसऱ्याचा विचार केला.

कारण मेस्त्रींना प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची खोड होती. चहा आला की आधी बशी उलटी. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची उलटी. माझं नवं घड्याळ मी मोठ्या ऐटीत दाखवलं तर त्यांनी काट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मागचं झाकण डोळ्यांशी धरून म्हणाले, "कुणी बनवलं लिहिलेलं नाही. मग काय उपयोग?" माझ्या नकाशांचीही हीच गत. मी तासन् तास खपून काढलेला नकाशा ते पालथा घालायचे, कोरी बाजू बघायचे आणि जीभ टाळ्याला लावून चकचक करायचे.

एकदा अल रय्यानला पुण्याच्या एका इंजिनियरांच्या घरी गणपतीच्या जेवणाचं आमंत्रण होतं. घर हौशी, ताटंसुद्धा चांदीची काढलेली. जेवण झाल्यावर मेस्त्रींनी आपलं ताट धुऊन आणलं, उलटं केलं आणि खिशातून भिंग काढलं. घरच्या वहिनींचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, हा माणूस चांदी खरी आहे की नाही ते तपासतोय. "अहो, पेठेतली आहे," त्या म्हणाल्या. "ते असू दे हो वहिनी," मेस्त्री म्हणाले, "ह्याच्यावर तुमच्या मामांचं नाव आहे, लग्नाची तारीख आहे, गावसुद्धा आहे. ठोकणाऱ्याचं कुठाय?" त्यानंतर त्या घरचं आमंत्रण आम्हा दोघांनाही आलं नाही. मोदक उत्तम होते, म्हणून मला अजून राग आहे.

हे सगळं आलं कुठून, ते मला पुढे कळलं. मेस्त्रींचे वडील राजापूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे. छिन्नी, छोटी हातोडी आणि मांडीखाली गोणपाट, एवढंच दुकान. 'अमक्याच्या मुंजीत तमक्याकडून' असं हजारो तांब्यांवर, परातींवर, पानदानांवर त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं. "अर्ध्या तालुक्याची नावं बापाच्या हातची," मेस्त्री सांगायचे. "आणि त्याचं स्वतःचं? आमच्या घरातल्या भांड्यावर पण नाही. घरात नाव घालण्यासारखं भांडंच नव्हतं." हे सांगताना ते हसायचे, पण त्या हसण्याला मी कधी साथ दिली नाही.

आणि मग त्यांच्या हाती ती पेनी पडली. परत जाणाऱ्या एका इंग्रज सर्व्हेयरच्या मुलीची मोडलेली तीनचाकी त्यांनी जोडून दिली, त्याबद्दल त्याने ही पेनी आणि तिच्याबद्दलची एक पातळ पुस्तिका दिली. कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत, कापसात ती असायची. नखाएवढ्या जाडीची, काठाला वाकलेली, वजनाला दीड ग्रॅमही नाही. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा, लहान मुलाने काढल्यासारखा, डोळे वटारलेले. राजाचं नाव असं होतं की म्हणताना जीभ दोनदा अडकायची, म्हणून आम्ही त्याला नुसतं राजेसाहेब म्हणायचो. पण मेस्त्रींना राजेसाहेबांशी देणंघेणं नव्हतं. ते डबी उघडून पेनी लगेच उलटी करायचे. मागे क्रॉस, आणि त्याभोवती गोल फिरणारी अक्षरं: गॉडविन, लिंकनचा.

"हा कोण? मंत्री? सरदार? काय पण नाही!" मेस्त्रींचा आवाज चढायचा. "टांकसाळीचा मेस्त्री! राजाच्या नाण्यावर त्याचं नाव. कारण नाण्याची जबाबदारी त्याची. चांदीत खोट निघाली तर त्याचा हात तोडायचे आणि टांकसाळीच्या दारावर ठोकायचे. राजाचा नव्हे, ह्याचा. म्हणून नाव ह्याचं." मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "राजा पुढे असतोच रे. मागं कोण आहे ते बघ."

शुक्रवारी कँपातली पोरं मुशैरिबला बाजारात जाऊन आली की संध्याकाळी मेस्त्रींच्या खोलीत चहा आणि गॉडविन असा कार्यक्रम असायचा. खेड, चिपळूण, संगमेश्वरचे वेल्डर खाटांवर दाटीवाटीने बसायचे आणि हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या गप्पा चालायच्या. राजे दर पाच-सहा वर्षांनी जुनी नाणी मोडीत काढून नवी पाडायचे, हे ऐकून एकजण म्हणाला, "म्हणजे इकामा रिन्यू केल्यावानी." राहण्याच्या परवान्याची ही उपमा मेस्त्रींना इतकी आवडली की त्यांनी त्याला जादा बिस्किट दिलं. आमच्या इंग्रज सुपरिंटेंडेंटला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मेस्त्रींनी पेनी दाखवली तेव्हा त्याने विचारलं होतं, "ही इथल्या बाजारात मिळते का?"

त्या पेनीच्या अक्षरांमध्ये मेस्त्रींना एक युक्ती सापडली होती. भिंगातून बघितलं तर प्रत्येक अक्षर अखंड कोरलेलं नव्हतं. सरळ काडी आणि चंद्रकोर असे दोन-चार ठसे, तेच फिरवून-फिरवून मारलेले. मेस्त्रींनी भंगारातल्या पोलादाचे तसेच दोन ठसे घडवले, एक काडीचा, एक चंद्रकोरीचा. टोकं बोथट ठेवली, कारण पाइपावर धारदार घाव चालत नाही. आणि काय सांगू, त्या दोन ठशांनी सगळी बाराखडी बसते! त्यांनी प्रत्येक वेल्डरला त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर ठोकायला शिकवलं. कंपनीची पद्धत वेगळी होती. प्रत्येक वेल्डरला एक नंबर, तो जोडाच्या वर पांढऱ्या रंगाने लिहायचा. मेस्त्रींनी कंपनीचा नंबर ठेवला, पण जोडाच्या शेजारी, पाइपाच्या अगदी पोटाखाली, प्रत्येकाने आपलं अक्षर ठोकायचंच असा दंडक घातला. सुपरिंटेंडेंटने खांदे उडवले आणि परवानगी दिली. कँपातल्या बाकीच्यांनी हसून घेतलं. त्यात मीही होतो.

चौदा नंबरचा वेल्डर होता शिगवण. संगमेश्वरच्या आतल्या गावचा, बायको आणि तीन मुली गावाला. हात असा की त्याचा जोड बघत राहावं. पण शाळेत गेलाच नव्हता. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचा आणि उठवताना मान फिरवायचा. 'शि' ठोकायला सात घाव लागतात. ते त्याने रद्दी पत्र्यावर महिनाभर गिरवले. ज्या दिवशी पहिल्यांदा पाइपावर बसले त्या दिवशी तो आम्हा सगळ्यांना हाताला धरधरून दाखवायला घेऊन गेला. पुढच्या पगाराला त्याने कागदावर पेनाने सही केली. ती सहीसुद्धा काड्या आणि चंद्रकोरींचीच होती.

मग ऑगस्टमध्ये लाइनची प्रेशर टेस्ट लागली. पाइपात पाणी भरून दाब चढवायचा आणि चोवीस तास गेजचा काटा हलता कामा नये. काटा तीन तासांत खाली आला. शोधल्यावर एका जोडातून पाण्याची बारीक चिळकांडी उडताना दिसली. वरचा रंग उन्हाने आणि वाळूने उडाला होता, म्हणून सगळे माझ्याकडे आले. मी नकाशा उलगडला. त्या जोडापाशी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, चौदा.

मोठ्या साहेबांना गुरुवारपर्यंत एक नाव हवं होतं. ज्याचं नाव त्याचा व्हिसा खलास, पहिल्या विमानाने घरी. सुपरिंटेंडेंटने शिगवणला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, तो रडेल, हातापाया पडेल. तो टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "माजाच हाय तो जोड, सायेब. मी जातो."

"तुझा?" मेस्त्री खुर्चीतून उठले. "तुझ्या जोडाला पाणी सुटतं? मला शिकवतोस?"

"माजाच हाय, मेस्त्री." शिगवण मान वर करीना.

मेस्त्री माझ्याकडे वळले. "नकाशेवाल्या, चौदा कशावरून लिहिलंस?"

"वर रंगाने चौदा होतं," मी म्हणालो.

"खाली वाकून बघितलंस?"

सव्वाशे जोड, पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि पाइप जमिनीपासून हातभर उंच. मी एकाही जोडाच्या खाली वाकलो नव्हतो. वेल्डरांचा तो पोरखेळ नकाशात उतरवायची मला गरजच वाटली नव्हती.

मेस्त्रींनी सुपरिंटेंडेंटला सांगितलं, "साहेब, तुम्हाला नाव पाहिजे ना? चला, नाव दाखवतो." त्यांचं इंग्रजी अर्धं वेल्डिंगच्या मॅन्युअलातलं आणि अर्धं त्या पुस्तिकेतलं, त्यामुळे ऐकायला जुनाट पण पक्कं. शिगवण मात्र एकदम पुढे आला. "नको मेस्त्री. कशापायी जाताय उन्हात? मी बोललो न्हवं माजा म्हणून!" मेस्त्रींनी त्याला बाजूला सारलं. यल्ला म्हणून सगळी वरात वाळूत निघाली: पुढे मेस्त्री, मागे घामाने लाल झालेला साहेब, मग मी, मग वीसेक वेल्डर, आणि सगळ्यात मागे मान खाली घातलेला शिगवण. दमट हवेने शर्ट पाठीला चिकटले होते.

मेस्त्री जोडाखाली उताणे झोपले, बाही ओढून पाइपाचं पोट पुसलं आणि खिशातला दाढीचा आरसा धरला. शिगवणने डोळे मिटून घेतले होते. मला त्याच्या तीन मुली आठवल्या, आणि माझा तो सुबक आकडा.

मग मेस्त्री हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. मला वाटलं, ऊन लागलं.

"अरे, हा तर मी!" ते खालून ओरडले. "मी आहे हा! साहेब, या, या, खाली या, बघा!"

साहेब नुसता वाकला. मेस्त्रींनी हात लांब करून त्याची बाही धरली आणि त्या सहा फुटी माणसाला अक्षरशः वाळूत ओढलं. दोघं शेजारी-शेजारी उताणे पडले होते आणि मेस्त्री आरसा धरून त्याला शिकवत होते, "ही आडवी काडी. ही उभी. ही एक चंद्रकोर, ही दुसरी. हे माझं अक्षर. जोड माझा!"

तेव्हा सगळं उलगडलं. जुलैत शिगवण तापाने पडला होता. आणखी दोघं आजारी होते. काम थांबू नये म्हणून त्यांचे उरलेले जोड मेस्त्रींनी स्वतः मारले. कोणते आणि किती, ते त्यांनाही आठवत नव्हतं. वरचा चौदा नंबर आधीच रंगवलेला, तो तसाच राहिला. पण हाताच्या सवयीने खाली स्वतःचं अक्षर ठोकलं गेलं होतं. शिगवणला हे ठाऊक होतं. ताप उतरल्यावर त्याने ते अक्षर पाहिलं होतं, आणि मेस्त्रींवर बालंट येऊ नये म्हणून तो गप्प बसला होता.

मेस्त्री वाळू झटकत उठले ते थेट शिगवणकडे. मी त्यांना एवढं चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "माझ्या जोडाला स्वतःचं नाव लावतोस? लाज नाही वाटत? खोटी चांदी परवडली रे, खोटं नाव नाही!"

"तुमचा हात तोडतील, मेस्त्री," शिगवण म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. शुक्रवारच्या गोष्टी त्याने जरा जास्तच मनावर घेतल्या होत्या.

"मग तोडू देत. हात माझा आहे." आणि मेस्त्रींनी त्याला सगळ्यांदेखत छातीशी धरलं.

साहेबाने विचारलं, जोड फसला कशाने? मेस्त्रींनी एक क्षणही विचार केला नाही. "घाईत होतो. रॉड भट्टीत न तापवता वापरले असणार. हवा दमट, रॉड ओले, जोडात बुडबुडे. चूक माझी. एवढंच मागणं, की जोड कापून पुन्हा मला मारू द्या. मग हात तोडा नाहीतर विमानात बसवा."

जोड कापला गेला. या वेळी मेस्त्रींनी रॉड भट्टीतून एकेक काढले, आणि त्यांच्या बाजूला बसून रॉड हातात देत होता शिगवण. एक्स-रे स्वच्छ आला. पुन्हा दाब चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कँप गेजभोवती जमला. कोणी कामावर गेलं नव्हतं आणि साहेबाने कोणाला जा म्हटलं नव्हतं. वेळ पूर्ण झाली. काटा कालच्या जागेवरच उभा होता. जी आरोळी उठली ती दोह्यापर्यंत गेली असणार. वीस जणांनी मेस्त्रींना उचललं, आणि वर उचललेले मेस्त्री ओरडत होते, "मला काय उचलताय, गेज सांभाळा!"

साहेबाने मोठ्या साहेबांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. मेस्त्री विमानात बसले नाहीत, शिगवणही नाही. रविवारी साहेब आमच्या केबिनमध्ये आला, मेस्त्रींच्या टेबलावरचे दोन्ही ठसे उचलले आणि विचारलं, "माझं अक्षर कसं मारायचं?" टेस्ट त्याने पास केली होती, म्हणून त्याचंही अक्षर नव्या जोडापाशी हवं होतं. ते त्याने वाळूत उताणं पडून स्वतः ठोकलं. जरा वाकडं आलं. तिथून पुढे कंपनीच्या त्या लाइनवर प्रत्येक जोडाखाली माणसाचं अक्षर सक्तीचं झालं, आणि मी सव्वाशेच्या सव्वाशे जोडांखाली वाकून नवा नकाशा काढला. मग तो पालथा घालून कोऱ्या बाजूवर माझंही अक्षर काढलं. मेस्त्रींनी ते बघितलं. या वेळी चकचक केली नाही.

कापून काढलेलं पाइपाचं कडं मेस्त्रींनी टेबलावर ठेवलं. चारेक किलो वजन, मधोमध तो फसका जोड, शेजारी त्यांचं अक्षर. नवीन माणूस आला की पेनीआधी ते त्याला हे दाखवायचे, "हा माझा फसलेला जोड." दुसरा कोणी असता तर त्याने ते समुद्रात फेकलं असतं.

काही वर्षांनी मेस्त्री कायमचे घरी निघाले. माझीही सुट्टी होती, म्हणून आम्ही एकाच विमानाने आलो. सगळ्यांच्या हातात टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, साबणाची खोकी. मेस्त्रींनी वजनासाठी टेपरेकॉर्डर मागे शिगवणला देऊन टाकला होता आणि ते कडं टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. मुंबईला कस्टमवाल्याने टॉवेल सोडला आणि त्याचे डोळे चमकले. त्याला वाटलं, लोखंडाच्या पोटात सोनं. त्याने कडं ठोकलं, घासलं, उलटंपालटं केलं.

"काय आहे हे?"

"पाइप," मेस्त्री म्हणाले. "फसलेला. मागं बघा, नाव आहे."

"कोणाचं?"

"माझं."

"मग एवढं ओझं घरी कशाला नेताय?"

"वडिलांना दाखवायला," मेस्त्री म्हणाले. "नव्वदीला आलेत. डोळे गेलेत, पण बोटाला कळतं. आमच्या घरातलं पहिलं नाव आहे साहेब."

कस्टमवाल्याने अंगठा त्या अक्षरावरून एकदा फिरवला, खिशातून खडू काढला आणि सामान पास झाल्याची पांढरी फुली त्या कड्यावर, अक्षराच्या शेजारी, ठसठशीत मारली.

मेस्त्रींनी कडं उचललं, फुलीकडे पाहिलं, अक्षराकडे पाहिलं, आणि भर विमानतळावर मला हाक मारली, "नकाशेवाल्या, ये, बघ! क्रॉस पण आला!"